खोडदच्या डिश ऐकतात, पण तो दूरसंचार नव्हे

पुणे–नाशिक महामार्गावर नारायणगावच्या आसपास दोन गावांत आभाळाकडे तोंड करून प्रचंड डिश उभ्या राहिल्या. एक आर्वीला. 1971 मध्ये तिथं भारताचं उपग्रह भू-केंद्र सुरू झालं, विक्रम साराभाईंच्या नावानं ओळखलं जाणारं. हिंदी महासागरावर स्थिरावलेल्या उपग्रहामार्फत देशाचे परदेशी फोन तिथून ये-जा करू लागले. दुसरं गाव खोडद. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं 1990 च्या दशकात खोडद आणि आसपासच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 डिशची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तीच जीएमआरटी.

दोन्हीकडे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडायच्या असत. तरीही आर्वीला जे चालायचं तो दूरसंचार, आणि खोडदला जे चालतं तो दूरसंचार नव्हे. असं का, हे कळलं की दूरसंचाराचा निम्मा अर्थ हाती लागतो.

खोडदच्या डिश ज्या लहरी टिपतात, त्या कुणी पाठवलेल्या नसतात. स्पंदक तारे, हायड्रोजनचे ढग, दूरच्या दीर्घिका आपापल्या स्वभावधर्मानुसार लहरी सोडत राहतात. त्यांना कुणाला काही सांगायचं नसतं. आर्वीला येणारी लहर मात्र कुणाचा तरी आवाज घेऊन यायची, आणि तो ऐकायला इकडे कुणीतरी रिसीव्हर कानाला लावून थांबलेलं असायचं. पाठवणारा, निरोप आणि घेणारा हे तिन्ही असल्याशिवाय दूरसंचार होत नाही.

19 ऑक्टोबर 2016 ला मात्र खोडदमध्येही दूरसंचार घडला. युरोपीय अंतराळ संस्थेचं ‘स्कियापरेली’ हे यान मंगळावर उतरत होतं. उतरता उतरता ते जो क्षीण रेडिओ संदेश सोडत होतं, तो खोडदच्या डिशनी थेट पकडला. मंगळावरून निघालेला संदेश इथं पोचायला जवळपास 10 मिनिटं लागत होती. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात तो अचानक थांबला. यान मंगळावर आदळलं होतं. डिश नेहमीच्याच होत्या. त्या दिवशी पलीकडे पाठवणारं कुणीतरी होतं, एवढाच फरक.

आता व्याख्येकडे येऊ. भारताच्या 2023 च्या दूरसंचार कायद्यानं ती बरीच मोकळी ठेवली आहे. तार, रेडिओ, प्रकाश किंवा इतर कुठल्याही विद्युतचुंबकीय यंत्रणेतून संदेश पाठवणं, सोडणं किंवा घेणं म्हणजे दूरसंचार. संदेशात खूण, मजकूर, चित्र, आवाज, व्हिडिओ, डेटा हे सगळं आलं. वाटेत त्याची फेरमांडणी झाली, त्यावर आकडेमोड झाली, तरी तो दूरसंचारच राहतो.

‘विद्युतचुंबकीय’ या एका शब्दानं बऱ्याच गोष्टी बाहेर राहतात. पोस्टानं आलेलं पत्र बाहेर, कारण तिथं कागदच प्रवास करतो. पेन ड्राइव्हवर भरून नेलेला सिनेमा बाहेर. तोच सिनेमा मोबाइलवर पाठवला की आत. विशाळगडावर पोचल्याची खूण म्हणून तोफा डागल्या गेल्या आणि ती ऐकूनच बाजीप्रभूंनी प्राण सोडले, असं आपल्याकडे परंपरेनं सांगतात. तिथं पाठवणारा आहे, घेणारा आहे, खूणही आधी ठरलेली आहे. पण ती हवेतल्या ध्वनीनं गेली. कायद्याच्या काटेकोर भाषेत तो दूरसंचार ठरणार नाही. कल्पना मात्र तीच आहे, आणि ती विजेपेक्षा किती जुनी आहे हे इथं दिसतं.

‘टेलिकम्युनिकेशन’ हा मूळ शब्द 1904 मध्ये एदुआर एस्तोनिए या फ्रेंच अभियंत्यानं रूढ केला. तार, टेलिफोन अशी वेगवेगळी नावं असलेल्या गोष्टी एका छत्रीखाली आणायला त्याला शब्द हवा होता. 1865 मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय तार संघटनेनं 1932 च्या माद्रिद परिषदेत हाच शब्द आपल्या नावात घेतला आणि तो जगभर पक्का झाला.

रोजच्या बोलण्यात आपण दूरसंचार म्हणजे मोबाइल असं धरतो. मला हे फार महागात पडणारं सरलीकरण वाटतं. हातातला फोन हे त्या व्यवस्थेचं फक्त टोक आहे. खरा दूरसंचार दोन टोकांच्या मधे घडतो. तो दिसत नाही म्हणून आपण त्याचा विचार करत नाही, आणि तो बंद पडला की नेमकं काय बंद पडलं हेही सांगता येत नाही. मधे मुख्यतः तीन कामं चालतात: निरोपाला वाहून नेण्याजोगं रूप देणं, तो वाहून नेणं, आणि योग्य माणूस शोधून त्याच्याच हाती देणं.

पहिल्या कामापासून सुरुवात करू. लग्नात मंडपात शुभेच्छांच्या तारा वाचून दाखवायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आठवेल की त्यांचे मजकूर ठरावीक असायचे. तारघरात शुभेच्छांची यादी असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. आपण क्रमांक निवडायचा, तारेतून तेवढा क्रमांकच जायचा, आणि पलीकडचं तारघर त्याचं पूर्ण वाक्य लिहून द्यायचं. वाक्य प्रवास करतच नव्हतं. यादी दोन्हीकडे आधीपासून होती. प्रवास फक्त ‘कितवं’ एवढ्याचाच.

जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली, पण ही युक्ती आपण दिवसभर वापरतो. इमोजी पाठवतो तेव्हा चित्र जात नाही, त्याचा जगानं ठरवलेला क्रमांक जातो. समोरच्याचा फोन त्या क्रमांकासाठी स्वतःजवळचं चित्र दाखवतो. म्हणूनच एकच हसरा चेहरा दोन कंपन्यांच्या फोनवर थोडा वेगळा दिसतो. अक्षरांचंही तसंच. देवनागरीतल्या ‘क’चा क्रमांक 2325 आहे. तुम्ही ‘क’ टाइप केलात की वाटेनं हा आकडाच जातो, तोही शून्य आणि एकच्या रूपात. जुन्या फोनवर मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसायचे, कारण आकडा नीट पोचला तरी त्याच्यापुढे काढायचं अक्षर त्या फोनजवळ नसायचं.

आवाजाचं काम जास्त कष्टाचं. आवाज म्हणजे हवेचा सतत बदलणारा दाब. त्याचे आकडे करायचे तर तो ठरावीक वेळानं मोजावा लागतो. टेलिफोन व्यवस्थेनं त्यासाठी दोन निर्णय घेतले. बोलणं समजण्यापुरता 300 ते 3400 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, पट्टा ठेवायचा, बाकी कापायचं. आणि जे उरलं ते सेकंदाला 8000 वेळा मोजायचं, प्रत्येक मोजमाप 8 बिटांत, म्हणजे आठ शून्य-एकांत, लिहायचं. गुणाकार केला की सेकंदाला 64,000 बिट होतात. अनेक दशकं जगातल्या डिजिटल टेलिफोनचा हाच पाया होता.

या काटछाटीची किंमत आपण सगळ्यांनी मोजली आहे. ‘स’ आणि ‘फ’सारख्या व्यंजनांना वेगळेपण देणारा बराचसा भाग 3400 हर्ट्झच्या वर असतो, आणि तोच कापला जातो. म्हणून फोनवर स्पेलिंग सांगताना “एफ की एस?” असं विचारावं लागतं. मोबाइल आल्यावर काटछाट आणखी वाढली. मोबाइलचं तंत्र आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. माणसाचा गळा आणि तोंड आवाज कसा घडवतात याचं एक प्रतिरूप फोनमध्ये असतं, आणि त्याला चालवणाऱ्या सूचना फक्त पाठवल्या जातात. त्यामुळे सेकंदाला 12,000 बिटांच्या आसपास काम भागतं. हे प्रतिरूप माणसाच्या गळ्याचं आहे, सनईचं किंवा तबल्याचं नव्हे. होल्डवर ठेवल्यावर वाजणारं संगीत चिरकं आणि तुटक येतं, ते बहुतांशी याचमुळे. हल्लीच्या 4जी कॉलमध्ये पट्टा 7000 हर्ट्झपर्यंत वाढला आणि आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटू लागला.

दुसरं काम वाहून नेण्याचं, आणि इथं पुणे जिल्ह्याचा आणखी एक मान आहे. आर्वीच्या कितीतरी आधी, 1927 मध्ये, भारत आणि ब्रिटन यांच्यातली थेट बिनतारी तारसेवा खडकी आणि दौंड इथल्या केंद्रांवरून सुरू झाली. ही सेवा लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओवर चालायची. या लहरी पृथ्वीच्या वक्रतेपलीकडे जायच्या त्या वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या थरावर, म्हणजे आयनांबरावर आपटून. पण आयनांबर सूर्याच्या तालावर चालतं. दिवसा वेगळं, रात्री वेगळं, सूर्यावर वादळ झालं की आणखी वेगळं. त्यामुळे अशा लहरींवरचा आवाज मधेच चढायचा, मधेच बुडायचा.

आर्वीनं ही अनिश्चितता संपवली. उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्यामुळे आकाशात एकाच जागी दिसतो. लघुलहरींवरच्या कॉलपेक्षा आवाज कितीतरी स्वच्छ झाला. पण वर जाऊन खाली यायला प्रकाशाच्या वेगानंही पाव सेकंद लागतो, उत्तर यायला दुसरा पाव. अमेरिकेतल्या नातेवाइकाशी बोलताना दोघंही एकदम बोलायला लागायचे, मग दोघंही थांबायचे, ते या अर्ध्या सेकंदामुळे. त्यात कुणाचाच उतावीळपणा नव्हता.

आज परदेशी कॉल करताना ती अडचण फारशी जाणवत नाही, कारण तो कॉल बहुधा आकाशातून जातच नाही. तो समुद्राखालून जातो. इंटरनेट म्हणजे उपग्रह, असं अनेकांच्या मनात अजूनही पक्कं आहे. खरं तर भारताचा परदेशांशी होणारा जवळपास सगळा डेटा समुद्रतळावरच्या केबलमधून वाहतो, आणि त्यातल्या अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. खोल समुद्रात अशा केबलची जाडी दोन-अडीच सेंटिमीटर असते. आत केसाइतके बारीक काचेचे धागे, त्यांतून धावणारा लेझरचा प्रकाश. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर असतो, म्हणजे 10,000 किलोमीटरला 50 मिलिसेकंद पुरतात. वाटेत प्रकाश मंदावतो, म्हणून ठरावीक अंतरावर त्याला पुन्हा जोर देणारी यंत्रं असतात आणि त्यांना लागणारी वीज किनाऱ्यावरून त्याच केबलमधून पुरवली जाते.

मुंबईचं हे समुद्री नातं दीडशे वर्षांहून जुनं आहे. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजानं मुंबई ते एडन तारेची केबल टाकली, आणि एडन–सुएझमार्गे मुंबई लंडनला जोडली गेली. तांब्याच्या जागी काच आली, टिकटिकीच्या जागी प्रकाश आला. पण तांबड्या समुद्राकडे जाणारा रस्ता बराचसा तोच राहिला. त्याची दुबळी बाजूही तिथंच आहे. जानेवारी 2008 च्या अखेरीला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारतात इंटरनेट रखडलं. भूमध्य समुद्रात काहीतरी तुटतं आणि पुण्यातल्या कचेरीत पान उघडत नाही, हे ज्याला त्या दिवशी कळलं त्याला दूरसंचाराचा नकाशा आयुष्यभरासाठी कळला असेल.

तिसरं काम शोधण्याचं. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत 1882 मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली, तेव्हा हे काम माणसं करत. ग्राहकानं नंबर सांगायचा, ऑपरेटरनं वायरची पिन योग्य भोकात खुपसायची. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून तास न् तास वाट पाहायची. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे दर चढत जायचे. 1960 मध्ये कानपूर–लखनौ मार्गावर एसटीडी आली आणि ऑपरेटरशिवाय दुसऱ्या शहरात बोलता येऊ लागलं. या सगळ्या व्यवस्थांत एक गोष्ट समान होती. तुमचं बोलणं चालू असेपर्यंत एक आख्खी वाट तुमच्यासाठी राखून ठेवलेली असे, तुम्ही गप्प बसलात तरी.

इंटरनेटनं ही राखीव वाट मोडीत काढली. तुमच्या फोटोचे छोटे छोटे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर कुठे जायचं आणि आपण कितवे, हे लिहिलेलं असतं. पुढे ते एखाद्या वऱ्हाडासारखे निघतात: कुणी एसटीनं, कुणी जीपनं, कुणी मागून मोटारसायकलवर. मागून निघालेला आधी पोचू शकतो. मंडपात मोजदाद होते, जो आला नाही त्याच्यासाठी निरोप जातो, आणि सगळे जमले की चित्र पूर्ण होतं. वाट कुणाच्याच नावावर नसल्यामुळे एकाच तारेवर लाखो लोकांचे तुकडे मिसळून धावतात. दूरसंचार स्वस्त झाला त्याची अनेक कारणं आहेत, पण माझ्या मते त्यातलं सगळ्यात खोल कारण हे.

मोबाइलनं शोधण्याचं काम आणखी अवघड केलं, कारण घेणारा एका जागी बसत नाही. म्हणून तुमचा फोन खिशात असतानाही नेटवर्कला आपला पत्ता अधूनमधून कळवत असतो. कुणी तुम्हाला कॉल केला की तुमच्या त्या भागातले टॉवर तुमच्या नावानं हाक देतात आणि तुमचा फोन “इथं आहे” म्हणतो. यात बिनतारी भाग केवढा? मुख्यतः फोनपासून टॉवरपर्यंतचा, म्हणजे बहुतेक वेळा काहीशे मीटर ते काही किलोमीटर. टॉवरपासून पुढे जमिनीतली फायबर किंवा टॉवर ते टॉवर मायक्रोवेव्ह रेडिओ लहरी, मग एक्स्चेंज, आणि शेवटी पुन्हा समोरच्याच्या टॉवरपासून त्याच्या फोनपर्यंत. रस्ता रुंद करताना जेसीबीनं फायबर तोडली की आख्ख्या गावाचं ‘वायरलेस’ नेट बंद पडतं, ते म्हणून.

“रेंज फुल्ल आहे, पण कॉल लागत नाही” ही तक्रारही आता उलगडेल. फोनवरच्या दांड्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतो तेवढंच दाखवतात. तुमचा आवाज टॉवरला ऐकू येतो का, हे त्या सांगत नाहीत. टॉवरजवळ दहा-वीस वॅटची ताकद असते. 4जी फोनची बहुधा जास्तीत जास्त 0.2 वॅट. आणि दोघांना एकमेकांचं ऐकू आलं तरी टॉवरला वेळ हवा. विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा वारीच्या मुक्कामी एका टॉवरभोवती हजारो फोन जमतात. दांड्या पूर्ण असतात आणि वाटणीला काहीच येत नाही. अशा वेळी मेसेज जाण्याची शक्यता कॉलपेक्षा जास्त, कारण त्याला थोडीच जागा लागते आणि फोन तो पुन्हा पुन्हा पाठवून पाहू शकतो. आपत्तीत हे ज्ञान खरोखर उपयोगी पडतं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात धडकलं. रायगड आणि रत्नागिरीच्या उत्तर भागात अनेक गावांची वीज आणि मोबाइल दोन्ही गेलं, काही ठिकाणी दिवसचे दिवस. मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांना गावच्या म्हाताऱ्या आईवडिलांची खबर मिळेना. सगळे टॉवर कोसळले होते असं नव्हे. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास टिकते, मग डिझेल लागतं, आणि रस्ते झाडांनी अडलेले असले की डिझेल पोचत नाही. दूरसंचाराच्या कुठल्याही चर्चेत टॉवरच्या बॅकअपचा विषय दुय्यम मानला जातो. माझ्या मते कोकणासाठी तो नव्या 5जी टॉवरपेक्षा आधी यायला हवा.

2023 मध्ये अनेकांचे फोन एकाच वेळी मोठ्यानं वाजले आणि पडद्यावर सरकारी चाचणी संदेश आला. तो एसएमएस नव्हता. एसएमएस एकेका नंबरला शोधत जातो. हा संदेश टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्यांना एकदम ओरडून सांगतो, रेडिओ केंद्रासारखा. म्हणून गर्दीतही तो अडकत नाही. घेणारा नावानिशी माहीत नसतानाही हा दूरसंचारच. व्याख्येनं घेणारा एकच असावा अशी अट घातलेली नाही.

व्याख्या मोकळी असण्याला दुसरीही बाजू आहे. 1885 च्या भारतीय तार कायद्यानं सरकारला संदेश अडवण्याचे आणि ऐकण्याचे अधिकार दिले होते; 2023 च्या कायद्यातही सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेच्या कारणावरून सेवा थांबवण्याची तरतूद आहे. फरक एवढाच, की 1885 मध्ये तार थांबली तर काही मोजक्यांची अडचण व्हायची. आज एखाद्या जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं की भाजीवाल्याचं यूपीआय, विद्यार्थ्याचा प्रवेश अर्ज, रुग्णाचा रिपोर्ट सगळं एकदम थांबतं, कारण आता हे सगळंच ‘संदेश’ आहे. काश्मीरमधल्या बंदीबाबतच्या अनुराधा भसीन खटल्यात 10 जानेवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि अनिश्चित काळासाठी इंटरनेट बंद ठेवता येणार नाही. तेव्हा तुमच्या गावातलं नेट कधी आदेशानं बंद झालं, तर तो आदेश कुणी काढला, कुठल्या कारणानं आणि किती तारखेपर्यंत, हे वाचायला मागण्याचा आधार तुमच्याजवळ आहे.